कर्बोदके फोडणाऱ्या जिवाणूंचा शोध
स्टार्च आणि सेल्युलोजचे रेणू इतके अवाढव्य असतात की जिवाणूच्या पेशीत ते शिरूच शकत नाहीत. त्यामुळे अनेक जिवाणू एंझाइम, म्हणजेच विकरे, बाहेर सोडतात, अन्न बाहेरच फोडतात आणि सुटी झालेली साखर शोषून घेतात. या सवयीमुळेच त्यांना हुडकता येते.

शेणखताचा, कुजक्या पाल्याचा किंवा तळ्यातल्या गाळाचा नमुना निर्जंतुक पाण्यात दहादहा पटीने विरळ करतात आणि स्टार्च घातलेल्या अगरच्या ताटलीवर पसरतात. एक-दोन दिवसांत वसाहती दिसू लागल्या की वरून आयोडीन ओततात. सगळी ताटली निळीकाळी होते; स्टार्च फस्त करणाऱ्या वसाहतीभोवती मात्र फिकट वलय उमटते. आयोडीनने जिवाणू मरत असल्याने प्रत्येक वसाहत आधीच दुसऱ्या ताटलीत उतरवून ठेवावी लागते. सेल्युलोजसाठी काँगो रेड हा रंग वापरून ताटली मिठाच्या पाण्याने धुतात. टेदर आणि वूड या संशोधकांनी १९८२ मध्ये गुरांच्या पोटातले जिवाणू असेच वेचले.

वलय मोठे म्हणजे विकर उत्तम, हा समज फसवा आहे. या चाचणीत बहुधा सेल्युलोजचे विरघळणारे रूप घेतलेले असते. ते फोडणारा जिवाणू उसाचे चिपाड फोडीलच असे नाही. म्हणून निवडक जिवाणू द्रवात वाढवून, पेशी वेगळ्या काढून, उरलेला द्रव किती साखर सोडवतो ते डीएनएस या रसायनाने मोजतात. उकळल्यावर पिवळे द्रावण जितके गडद तांबूस, तितकी साखर जास्त.

नमुना कुठून घ्यायचा, यावर बरेच ठरते. साबणाच्या पाण्यात टिकणारे विकर अल्कलीयुक्त जागी शोधावे. जपानमध्ये कोकी होरिकोशी यांनी अल्कलीप्रिय जिवाणूंच्या अभ्यासाचा पाया घातला आणि १९८७ मध्ये काओ कंपनीने अल्कलीत चालणारे सेल्युलेज घातलेली 'अटॅक' ही धुलाईची पावडर बाजारात आणली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू (pH) दहाच्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कलीयुक्त, असतो. तिथूनही स्टार्च फोडणारे अल्कलीप्रिय जिवाणू मिळाले आहेत.

मातीतले बहुतेक जिवाणू ताटलीत वाढतच नाहीत. त्यांच्यासाठी मातीतला डीएनए थेट काढून त्याचे तुकडे ई. कोलाय या जिवाणूत घालतात आणि त्याच्या वसाहती तपासतात. ई. कोलायला जी जनुके वाचता येत नाहीत, त्यांची विकरे या चाळणीतूनही निसटतात.