‘मायूसी कुफ्र है’ असे म्हणण्यापूर्वी

घरात कुणी उदास दिसले की आपल्याकडे एक वाक्य तयार असते : ‘मायूसी कुफ्र है.’ आम्हीही ते वर्षानुवर्षे म्हणत आलो. दहावीत नापास झालेल्या मुलाला म्हणालो, इद्दतीत बसलेल्या शेजारणीला म्हणालो, आणि 2017 च्या हिवाळ्यात आमच्या सख्ख्या मोठ्या भावालाही म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे भाईजान आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटले, राग आला असेल.

मानवत तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू शेती आहे, ती भाईजानच पाहतात. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. 2017 मध्ये कापूस बरा दिसत होता, पण बोंडे फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. त्या खरिपात महाराष्ट्रात ठिकठिकाणी हेच झाले. डोक्यावर कर्ज होते आणि मुलीचे लग्न ठरलेले होते. तरी भाईजान रडले नाहीत, की कुणाजवळ काही बोलले नाहीत. त्यांचे फक्त डोके दुखायचे. छातीत धडधडायचे. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. फजरला पहिल्या सफमध्ये उभा राहणारा माणूस अजान ऐकत अंथरुणातच पडून राहू लागला. भाभी सांगायच्या, ताटातली भाकरी तशीच परत येते. छातीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. मग कुणीतरी एका आमिलाचे नाव सुचवले. त्याने ‘बंदिश’ काढण्याचे पैसे घेतले, आणि दोन महिने त्यात गेले.

याच काळात गावातील आशाताई घरी आल्या. शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण जास्त असलेल्या 14 जिल्ह्यांसाठी, म्हणजे मराठवाड्यातील सर्व आठ आणि विदर्भातील सहा, राज्य शासनाने 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता. आशाताईंनी घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांविषयी विचारायचे आणि गरज दिसेल त्याला दवाखान्याची वाट दाखवायची, अशी ती योजना. रविवार होता, आम्ही गावीच होतो. कागद पाहून आम्ही म्हणालो, ‘ताई, आमच्या घरात असलं काही नाही. आम्ही नमाजी लोक.’ चहा पाजला आणि वाटेला लावले. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर देऊन आलेली माणसे आम्ही!

त्या गेल्यावर भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘ये चार बार बोल चुके, मैं नहीं रहा तो तुम लोगों का बोझ हलका होगा.’ चार वेळा ऐकले होते आणि एकदाही कुणाला सांगितले नव्हते. का? तर असे बोलणे हराम, आणि ते घराबाहेर गेले तर मुलीचे ठरलेले लग्न मोडेल.

त्या रात्री आम्ही सूरह यूसुफ उघडली. ‘मायूसी कुफ्र’ ही गोष्ट ज्या आयतीवरून सांगितली जाते ती याच सूरहमध्ये आहे, एवढे माहीत होते. पण ते शब्द कुणाच्या तोंडचे आहेत, याकडे कधी लक्ष दिले नव्हते. ते हजरत याकूब (अलै.) यांच्या तोंडचे आहेत. मुलाच्या विरहात ज्यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले, त्या पैगंबरांचे. आधी घरचेच त्यांना बोलतात की यूसुफची आठवण काढून काढून तुम्ही स्वतःला संपवाल. त्यावर ते सांगतात की मी माझे दुःख अल्लाहजवळच मांडतो. आणि त्यानंतर मुलांना म्हणतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेतून निराश होऊ नका. म्हणजे रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी ते वाक्य आलेलेच नाही. स्वतः रडणाऱ्याने, हातपाय हलवू शकणाऱ्यांना उठून शोधायला पाठवताना ते म्हटले आहे. आम्ही ते उलटे वापरत होतो. शोधायला निघायचे होते आम्ही, आणि आयत ऐकवत होतो भाईजानना.

आजार आहे तिथे इलाजही आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मधुमेहाला लावतो, पण मनाच्या दुखण्याला लावत नाही. आपल्या पूर्वजांना मात्र हा फरक ठाऊक होता. 934 मध्ये निधन पावलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दुःखाचे दोन प्रकार केले आहेत : ज्याचे कारण माहीत असते ते आणि ज्याचे कारण सापडत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात असते, म्हणून त्यावर शरीराचाही इलाज करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या दिवशी परभणीला निघालो. ‘डोकेदुखी दाखवून येऊ’ एवढेच भाईजानना सांगितले होते. तसे करायला नको होते, असे आज वाटते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारले, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ आम्ही खुर्चीत आक्रसून गेलो. भाईजान मात्र लगेच म्हणाले, ‘हो.’ जणू कुणीतरी विचारावे म्हणून ते थांबले होते. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावले. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली : फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात ठेवायची, चावी भावाकडे नाही, आणि काही आठवडे त्यांना एकटे सोडायचे नाही. ती चावी भाभींनी ओढणीला गाठ मारून ठेवली.

गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. हे आधी कळले नाही तर माणूस दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या फेकतो. बरे वाटल्यावरही त्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि मनाने एकदम बंद करायच्या नसतात. भाईजानना आधी झोप आली, मग भूक, आणि बोलणे सर्वांत शेवटी. 2018 चा रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला, ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. रोजे आणि गोळ्या यांचे काय, हे आम्ही आधीच विचारून घेतले. त्यांची गोळी रात्रीची होती, ती तरावीहनंतर घ्यायची ठरली. ज्यांना डॉक्टर रोजा नको म्हणतात, त्यांना आजारात सवलत शरीअतनेच दिली आहे. तिथे घरच्यांनी तोंड वाकडे करू नये.

कर्ज गोळीने फिटले नाही. लग्न मात्र मोडले नाही. मुलाकडच्यांना आम्हीच जाऊन सगळे सांगितले, तेव्हा मुलाचे वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या बहिणीची हकीकत सांगितली. प्रत्येक घरात कुणीतरी आहे. देशातील 12 राज्यांत 2015-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जणांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. उलट अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात गावातीलच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

पोलिसांची भीतीही लोकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 115 सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरावे. त्याला शिक्षा करू नये, सरकारने त्याची काळजी घ्यावी. ज्यांना कुणासमोर बसून बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येते. आमच्या शाळेच्या फलकावर तो लिहून ठेवला आहे. मुले पुसतात, आम्ही पुन्हा लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आशाताई पुन्हा कागद घेऊन आल्या. आम्ही खुर्ची आणायला उठेपर्यंत भाईजाननीच ती पुढे केली होती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि मग म्हणाले, ‘ताई, मागच्या गल्लीत एक पोरगा आहे, दुकान बंद करून घरात बसलाय. तुम्ही एकट्या गेलात तर दार उघडणार नाहीत. थांबा, चप्पल घालतो.’