आधी तालीम, मग मोकळीक : रोसालियाच्या वाटचालीचा मागोवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये रोसालियाचा 'लुक्स' हा चौथा अल्बम आला. त्यात ती १३ भाषांत गाते, साथीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे आणि गाण्यांमागे संत स्त्रियांची चरित्रं आहेत. रेगेटॉन या लॅटिन नाचसंगीताच्या ठेक्यावर जगभरच्या तरुणांना नाचवणाऱ्या या स्पॅनिश गायिकेकडून असं काही येईल, ही अपेक्षा फारशी कुणाची नव्हती. तिचं काम पहिल्यापासून क्रमाने ऐकलं, तर मात्र या वळणाचं नवल वाटत नाही. प्रत्येक वेळी ती आधी शिकायला बसली आहे आणि मगच तिने मोडतोड केली आहे.

रोसालिया विला तोबेया हिचा जन्म १९९२ चा. बार्सिलोनाजवळच्या सांत एस्तेवे सेसरोविरेस या गावात ती वाढली. आसपास कारखाने, रस्त्यावर मालवाहू ट्रक, घरात कातालान भाषा. फ्लामेंको या गाण्या-नाचाच्या परंपरेचं माहेर असलेला, दक्षिण स्पेनमधला आंदालुसिया इथून शेकडो किलोमीटर दूर. पण दक्षिणेतून कामासाठी आलेली असंख्य कुटुंबं या पट्ट्यात स्थायिक झाली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांचं गाणंही आलं होतं. तेरा वर्षांची असताना एका बागेत, मित्रांच्या गाडीतून आलेला फ्लामेंको गायक कामारोन दे ला इस्लाचा आवाज तिने ऐकला आणि आपल्याला काय गायचं आहे ते तिला तिथेच कळलं.

पुढचा रस्ता सोपा नव्हता. सतराव्या वर्षी स्वरतंतूला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि गाणं पुन्हा मुळापासून शिकावं लागलं. बार्सिलोनातल्या 'तायेर दे मुसिक्स'मध्ये आणि नंतर कातालोनियाच्या उच्च संगीत विद्यालयात ती होसे मिगेल विस्काया, म्हणजे 'चिकी दे ला लिनेआ' यांच्याकडे शिकली. या विद्यालयात फ्लामेंको गायनासाठी वर्षाला एकच विद्यार्थी घेतला जात असे. फ्लामेंकोतल्या बुलेरिया या प्रकाराचं आवर्तन आपल्या एकतालासारखंच बारा मात्रांचं असतं. पण त्यातले आघात सारख्या अंतरावर पडत नाहीत. त्या आघातांवर टाळ्या देत शब्द नेमका कुठे टाकायचा, हे अंगात मुरायलाच वर्षं जातात.

२०१७ चा 'लोस आन्हेलेस' हे त्या तालमीचं पहिलं फळ. तिचा आवाज, राऊल रेफ्रीची गिटार आणि विषय मृत्यू, इतकाच पसारा. जवळजवळ सगळी गाणी जुन्या फ्लामेंकोतली. शेवटी मात्र अमेरिकेच्या विल ओल्डहॅमचं एक इंग्रजी गाणं येतं, आणि पुढे काय होणार आहे याची चाहूल तिथेच लागते.

२०१८ च्या 'एल माल केरेर'ने ती घराघरांत पोचली. हा अल्बम तिच्या पदवीचा प्रकल्प होता. आधार होता 'फ्लामेंका' ही तेराव्या शतकातली ऑक्सितान भाषेतली पद्यकथा : संशयी नवरा बायकोला मनोऱ्यात कोंडून ठेवतो. रोसालियाने त्याची ११ गाणी, ११ प्रकरणं केली. सहनिर्माता एल गिंचोबरोबर बराचसा अल्बम घरच्याच संगणकावर घडला. 'मालामेंते' हे गाणं नीट ऐका. फ्लामेंकोच्या टाळ्या हाच त्याचा कणा आहे, त्यांच्याखाली क्लबमधला जडशीळ बास, आणि गायकाला दाद देणाऱ्या आरोळ्यांना तिने ठेक्याचाच भाग करून टाकलं आहे. 'दे आकी नो सालेस'मध्ये तर मोटारसायकलच्या इंजिनाची घरघर तालवाद्यासारखी वाजते. 'मालामेंते'च्या व्हिडिओत टोकदार टोपी घातलेला, पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीतला प्रायश्चित्तधारी स्केटबोर्डवरून जातो आणि बैलाच्या जागी मोटारसायकल घेऊन झुंज खेळली जाते. या गाण्याला २०१८ मध्ये दोन लॅटिन ग्रॅमी मिळाले, अल्बमला २०१९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा लॅटिन ग्रॅमी मिळाला आणि २०२० मध्ये ग्रॅमी. सर्वोत्तम नवोदित कलाकाराच्या ग्रॅमीसाठी केवळ स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या कलाकाराला नामांकन मिळालं तेही त्या वर्षी प्रथमच.

यशापाठोपाठ वाद आला, आणि तो बाजूला सारता येणार नाही. फ्लामेंको घडवण्यात स्पेनमधल्या हितानो समाजाचा वाटा फार मोठा आहे. हे रोमा लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्रज्ञांनी रोमानी भाषेवरून दाखवलं आहे. पंधराव्या शतकात ते स्पेनला पोचले, आणि १७४९ मध्ये तिथल्या राजसत्तेने एकाच मोहिमेत हजारो हितानोंना पकडून कैदेत आणि सक्तमजुरीवर धाडलं. अशा समाजाच्या गाण्यावर एक कातालान, हितानो नसलेली मुलगी जगप्रसिद्ध होते, आंदालुसियाच्या बोलीचे उच्चार घेते, तेव्हा त्यातल्या काहींना राग येणं मला रास्त वाटतं. तिने हे गाणं लुबाडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. फ्लामेंकोत दुसरं संगीत मिसळण्याची वाटही तिच्या आधी मळलेली होती : स्वतः हितानो असलेल्या कामारोनने १९७९ मध्ये 'ला लेयेंदा देल तिएम्पो'त रॉक आणलं, तेव्हा चिडलेल्या रसिकांनी तबकड्या दुकानात परत नेऊन दिल्या, आणि फ्लामेंको गायक एन्रिके मोरेंतेने १९९६ च्या 'ओमेगा'त रॉक बँडला बरोबर घेतलं. मन लावून शिकलेल्याला गाण्याचा अधिकार मिळतो. ज्यांचं ते गाणं, त्यांचं ऋण मात्र त्याने फिटत नाही, हे रोसालियालाही आणि तिच्या चाहत्यांनाही विसरून चालणार नाही.

२०१९ मध्ये पेद्रो अल्मोदोवारच्या 'दोलोर इ ग्लोरिया' या चित्रपटात पेनेलोपे क्रूझबरोबर नदीकाठी कपडे धूत गाणारी रोसालिया दिसली. मग महासाथ आली आणि ती घरच्यांपासून दूर, अमेरिकेत अडकली. २०२२ चा 'मोतोमामी' त्या एकटेपणातून आला. रेगेटॉन, बाचाता, डेम्बो, जुना क्युबन बोलेरो, बुलेरिया असं सगळं त्यात आहे. 'साओको'त रेगेटॉनच्या ऐन भरात जॅझ पियानो घुसतो. भाच्यासाठी केलेल्या गाण्याच्या शेवटी तिच्या आजीचा कातालानमधला ध्वनिसंदेश ऐकू येतो : आधी देव, मग कुटुंब. कुटुंब तिच्या कामातही आहेच. थोरली बहीण पिलार तिच्या दृश्यमांडणीची सहकारी आहे आणि आई व्यवसाय सांभाळते. 'मोतोमामी'लाही २०२२ चा सर्वोत्तम अल्बमचा लॅटिन ग्रॅमी मिळाला.

याच काळात पोर्तो रिकोचा गायक राऊ अलेहांद्रो याच्याशी तिचं नातं जगजाहीर होतं. मार्च २०२३ मध्ये दोघांनी तीन गाण्यांचा 'आरआर' काढला, त्यातल्या 'बेसो'च्या व्हिडिओच्या शेवटी साखरपुड्याची अंगठी दिसली. जुलैमध्ये ते वेगळे झाले. समाजमाध्यमांवर चर्चेचा महापूर आला. तिने मात्र मोजकं बोलून विषय संपवला आणि पुढे मोठा काळ नव्या अल्बमला दिला.

त्या काळात ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. संत स्त्रियांची चरित्रं वाचली, परक्या भाषांचे उच्चार जाणकारांकडून घोटून घेतले. 'लुक्स'मधल्या 'बेरगाइन'मध्ये जर्मन समूहगान आणि ब्यॉर्कचा आवाज आहे, 'मियो क्रिस्तो'मध्ये इटालियन आरियाची चाल आहे. सुरुवातीला तबकडीवरच आलेलं 'फोकू रान्नी' हे सिसिलियन गाणं पालेर्मोच्या संत रोसालियाचं आहे. लग्न नाकारून ती डोंगरातल्या गुहेत राहिली, अशी आख्यायिका आहे. साखरपुडा मोडलेल्या गायिकेने आपल्याच नावाची ही संत निवडावी, याचा अर्थ श्रोत्याला सांगावा लागत नाही. आणि 'ला रुम्बा देल पेरदोन'मध्ये तिच्याबरोबर एस्त्रेया मोरेंते गाते, 'ओमेगा'वाल्या एन्रिकेची मुलगी.

तिचं सगळंच जमलं आहे असं नाही. 'मोतोमामी'तले काही तुकडे प्रयोगाच्या हौसेपुरतेच उरतात. पण आठ वर्षांत चार अल्बम आणि एकही आधीच्याची नक्कल नाही, हे आजच्या पॉपमध्ये दुर्मीळ आहे. ज्यांनी तिला ऐकलेलं नाही, त्यांनी गाजलेल्या गाण्यांपासून सुरुवात करू नये. आधी 'लोस आन्हेलेस' ऐकावा, मग पुढचे तीन क्रमाने, आणि त्यानंतर कामारोनकडे जरूर वळावं.