नव्या डिस्कवरचा न दिसणारा थर

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात डिस्क ब्रेकची माउंटन बाइक घेणाऱ्या पोरांची एक तक्रार ठरलेली असते: सायकल कोरी करकरीत, ब्रेक डिस्कचे, मग लिव्हर दाबूनही ती पुढे का सरकते? दुकानदार म्हणतो, चालवा, सेट होईल. त्याचं बरोबर आहे, पण ते आपोआप होण्याची वाट पाहू नये.

वरवर गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग खरे तर काही बारीक उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात, हे बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये दाखवलं. नवा पॅड आणि नवी डिस्क यांचं नेमकं हेच होतं. दोन्ही वारंवार तापून घासले गेले, की पॅडमधला माल अतिशय पातळ थराने डिस्कवर चढतो. मग पॅड नुसत्या पोलादावर न घासता आपल्याच थरावर घासतो आणि पकड येते. बिडाचा नवा तवाही असाच तयार करावा लागतो. फरक इतकाच, की तव्याला तेल हवं आणि डिस्कला तेलाचं बोटसुद्धा चालत नाही.

रीत सोपी आहे. मोकळ्या, सपाट डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा, एकच ब्रेक ठामपणे दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पण चाक जाम होऊ द्यायचं नाही आणि पूर्ण थांबायचंही नाही. असं वीसेक वेळा करायचं, नंतर जास्त वेगाने दहाएक वेळा. मग दुसरा ब्रेक. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर ताशी 25 किलोमीटरवरून थांबताना सुमारे 2,200 ज्यूल उष्णता निघते. ती सगळी 100 ग्रॅमच्या पोलादी डिस्कमध्ये गेली, तर डिस्क एका दमात चाळीसेक अंशांनी तापेल! म्हणून मध्ये वारा लागू द्यावा. तापलेली डिस्क पॅडमध्ये दाबून धरली, तर थर एकाच जागी जाड बसतो आणि ब्रेक थरथरू लागतो.

डिस्क ब्रेकचं श्रेय 1902 चं पेटंट घेणाऱ्या फ्रेडरिक लँचेस्टरला मिळतं. पण त्याचे तांब्याचे पॅड कर्कश ओरडत. घर्षणाच्या मालाकडे खरं लक्ष दिलं ते डर्बीशरच्या हर्बर्ट फ्रूडने. उतारावर गाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. 1897 मध्ये त्याने काम सुरू केलं आणि पुढे ‘फेरोडो’ कंपनी उभी राहिली. त्याने वापरलेला अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक ठरून मागे पडला, तरी ब्रेकचा प्राण पॅडच्या मालात आहे ही त्याची दृष्टी अचूक होती. त्याचं नाव लँचेस्टरच्या शेजारी यायलाच हवं.

बिदरच्या पठारावर जांभ्याची लाल धूळ, कलबुर्गीकडे पावसाळ्यात चिकटणारी काळी माती. थर बसण्याआधीच ही माती पॅडमध्ये शिरली, तर पॅड नुसता झिजतो. तेव्हा नवी सायकल किंवा नवे पॅड घेतल्यावर आधी स्वच्छ डिस्कवर, कोरड्या रस्त्यावर ब्रेक बसवून घ्या. पठाराच्या कडेवरून मांजरेच्या खोऱ्यात उतरायचं ते त्यानंतरच.