फॉरेन्सिक सायन्स आणि पोलीस विज्ञान: दोन्हींत फरक काय?

बारावी सायन्सनंतर फॉरेन्सिकला जायचं ठरवलं, तर मराठवाड्यातल्या मुलांना मुंबई गाठावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्येच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. ती २००९ मध्ये सुरू झाली. पण 'पोलीस विज्ञान' म्हणतात ते हेच का? नाही.

फरक काय?

फॉरेन्सिक सायन्स पुरावा तपासतं: बोटांचे ठसे, रक्त, डीएनए, विष, मोबाइलमधला डेटा. पोलीस विज्ञान खुद्द पोलिसांचं काम तपासतं. गस्त वाढवली की चोऱ्या खरंच कमी होतात का? लोक ठाण्याची पायरी चढायला का कचरतात? बळाचा वापर कधी योग्य ठरतो?

हा विषय आला कुठून?

१८व्या शतकातल्या जर्मनीतून. तेव्हा 'पोलीस' या शब्दात बाजार, स्वच्छता, आरोग्य असा बहुतेक सगळा राज्यकारभार यायचा. आज जर्मनीत म्युन्स्टरला पोलिसांचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. वरिष्ठ अधिकारी तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतात, पीएचडीही करता येते. तरीही एक प्रश्न उरतोच: पोलिसांच्याच संस्थेत पोलिसांच्या चुकांवर मोकळेपणाने संशोधन होईल का?

आपल्याकडे काय आहे?

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत अधिकारी घडतात, पण तिचं मुख्य काम प्रशिक्षणाचं. काम कसं करायचं हे प्रशिक्षण शिकवतं. ते तसंच का करायचं, हे संशोधन विचारतं. गुजरातमधल्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे पोलीस प्रशासन शिकवलं जातं.

याचा आपल्याशी काय संबंध?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं ती बंधनकारक करते. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे तज्ज्ञ जास्त लागणार.

पण तज्ज्ञ पोहोचण्याआधीच घटनास्थळी गर्दी फिरून गेली असेल, तर? नमुना नीट सीलच केला नसेल, तर? अशा वेळी प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी खटला कोर्टात कच्चा पडू शकतो. या चुका कुठे आणि का होतात, हे शोधणं पोलीस विज्ञानाचं काम. रक्त कोणाचं, हे प्रयोगशाळा सांगेल. तक्रार नोंदवायला उशीर का झाला, हे ती सांगणार नाही.