व्यायामशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : पदवीच्या नावावर ठरते पुढील वाट

कोलकाता – खेळाडूची शारीरिक क्षमता मोजणारा तज्ज्ञ, त्याचा प्रशिक्षक, शारीरिक शिक्षणाचा अध्यापक आणि दुखापतीवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट हे चौघे एकाच मैदानावर दिसत असले, तरी त्यांच्या पदव्या भिन्न आहेत आणि एकीच्या आधारे दुसरीचे काम मिळत नाही. पदवीनंतर या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हे बहुधा उशिरा लक्षात येते. कोलकाता व परिसरात या चारही वाटांचे शिक्षण उपलब्ध असल्याने त्यांच्यातील फरक येथे स्पष्ट दिसतो.

सुबोधचंद्र महालनोबिस यांनी १९०० मध्ये येथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जातो. बंगालमध्ये मात्र तो विज्ञान शाखेचा नेहमीचा विषय आहे. व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र येथे रुजले ते याच पायावर. कलकत्ता विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात क्रीडा व व्यायामविषयक प्रयोगशाळा आहे.

या विभागातील संशोधकांचा एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे अचूक मोजण्यासाठी महागडी उपकरणे लागतात आणि व्यक्तीला थकून थांबेपर्यंत श्रम करावे लागतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स महाविद्यालयात तयार झालेल्या चाचणीत सुमारे ४१ सेंटिमीटर उंचीचे बाकडे पुरते. पुरुषाने मिनिटाला २४ वेळा या गतीने ३ मिनिटे त्यावर चढ-उतार करायची, थांबल्यावर ५ सेकंदांनी नाडीचे ठोके १५ सेकंद मोजायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा. अमेरिकी विद्यार्थ्यांवर बेतलेले हे सूत्र भारतीय तरुणांना लागू पडते का, हे कोलकात्यातील विद्यार्थ्यांवर तपासण्यात आले आणि चाचणी ग्राह्य ठरली. महागड्या प्रयोगशाळा मोजक्याच असलेल्या देशात या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको.

अशा मापनाची आवड असणाऱ्यांसाठी एम.एस्सी. हा योग्य मार्ग होय. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, पोषण आदी विषयांतील क्रीडाशास्त्रज्ञांची पदे भरली आहेत. संशोधन व अध्यापनासाठी या पदवीधरांना जीवविज्ञान विषयातील सीएसआयआर-नेट परीक्षेचा मार्ग आहे. मात्र एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी पदवीला सामान्यतः शरीरक्रियाशास्त्र हाच मुख्य विषय असावा लागतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हीच अट अडचणीची ठरू शकते.

कल्याणी व जादवपूर विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाचे विभाग आहेत. एम.पी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार चालतो. त्यानंतर ‘शारीरिक शिक्षण’ विषयातील यूजीसी-नेट देऊन महाविद्यालयीन अध्यापनाकडे वळता येते. प्रयोगशाळेतील एम.एस्सी. कितीही भक्कम असली, तरी शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या पदासाठी ती बी.पी.एड.ची जागा घेत नाही.

प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सॉल्ट लेक येथील क्रीडा प्राधिकरणाचे पूर्व विभागीय केंद्र आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम काही खेळांसाठी येथे चालतो. ही पदव्युत्तर पदवी नव्हे. तरीही प्रशिक्षकाच्या नेमणुकीत तिचे वजन मोठे आहे. प्रवेशात खेळातील प्रत्यक्ष कामगिरीही पाहिली जाते.

उपचाराचे क्षेत्र वेगळेच. कोलकात्याच्या बनहुगळी भागातील राष्ट्रीय संस्थेत फिजिओथेरपीची पदवी घेता येते. या व्यवसायाचे नियमन २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आले आहे. व्यायामशास्त्रातील एम.एस्सी.धारक प्रशिक्षणाचा भार ठरवू शकतो, पण फिजिओथेरपिस्ट म्हणून उपचार करू शकत नाही.

कोलकात्याला जाणे शक्य नसलेल्यांसाठी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि १९५७ पासून कार्यरत असलेली ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था हे पर्याय आहेत. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी इच्छित पदाच्या एखाद्या जुन्या भरती जाहिरातीतील पात्रतेचा रकाना वाचून घ्यावा. तेथे पदवीचे नाव नेमके दिलेले असते.