इंधन बदलेल, मालक बदलणार काय?

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील एका गावचा एक भूमिहीन बांधव आमच्याकडे आला. हातात गायरान रिकामे करण्याची नोटीस. वडिलांच्या काळापासून तो दोन एकर गायरान कसतो. सातबारावर नाव नाही, ताबा मात्र आहे. त्या गटावर सौर वीज प्रकल्प होणार, सबब अतिक्रमण काढून घ्यावे, असा नोटिशीचा मजकूर. आम्ही कागद वाचून खाली ठेवला तेव्हा तो म्हणाला, "वकीलसाहेब, जमीन त्यांची, पाणी त्यांचं, हे कळलं. आता ऊनबी त्यांचंच का?"

त्याच्या या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. चळवळीकडे तरी आहे काय? पर्यायी इंधन, हरित उद्योग, पर्यावरण हे शब्द आले की आपले कार्यकर्ते 'हे भरल्या पोटाचे विषय' म्हणून हात झटकतात. ही मोठी चूक आहे. ज्यांनी आपल्याला विचार दिला त्यांनी ती केली नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज विकासाच्या समितीसमोर बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. दारिद्र्य हटवायचे तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी ती मांडणी होती. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, असे त्यांनी लिहिले. म्हणजे वीज कशी तयार होते, या प्रश्नाइतकाच ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आजचे इंधन आम्ही याच कसोटीवर घासून पाहणार आहोत.

ही कसोटी आम्हाला इतिहासानेही शिकवली आहे. सोलापूर गिरण्यांचे गाव. गिरणी आली की जात मोडेल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरण्यांत काय झाले? विणकाम खात्यात पगार जास्त. तेथे धोट्यातून सूत काढताना ते तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात बंदी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. यंत्र नवे, भांडवल नवे, पण खातेवाटप जुने. आज हरित उद्योगाचा शंख फुंकला जात असताना आमचा पहिला सवाल हाच आहे की, या नव्या गिरणीत आमच्या वाट्याला कोणते खाते?

प्रथम इथेनॉल पाहू. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे इथेनॉलचे सर्वाधिक कौतुक येथेच. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत गेले. त्याचे फायदे आम्ही नाकारत नाही. आयात तेलावरचा खर्च कमी होतो, कारखान्याच्या हाती लवकर पैसा येतो. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील आकडा वाचा. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हे पाणी कोठले? आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातले, उजनीचे आणि विहिरी-बोअरचे. शिवाय एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळे सांडपाणी निघते, त्याची नीट विल्हेवाट लागली नाही तर ओढे आणि विहिरी नासतात. ऊस त्याचा, ज्याला जमीन आणि पाणी. कारखाना त्याचा, ज्याला ऊस. आमचा माणूस या साखळीत आहे तो कोयता घेऊन फडात. साखर विकली काय आणि इथेनॉल विकले काय, त्याची मजुरी टनावरच मोजली जाते. तेव्हा हे इंधन गाडीसाठी पर्यायी असेल, ऊसतोड मजुरासाठी त्यात कोणता पर्याय आहे?

दुसरे इंधन कोळसा. तो पर्यायी नाही, पण आपल्या दाराशी आहे. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे केंद्र आहे. त्याचा पहिला संच २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली सुरू झाला. कोळसा जळतो तेथे राख उरते. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर संपूर्ण राख वापरात आणण्याचे बंधन घातले आहे. राखेपासून विटा होतात, त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि त्यासाठी शेताची माती खणावी लागत नाही. वीटभट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आमच्या कुटुंबांनी राखेच्या विटांचा कारखाना स्वतः का काढू नये?

तिसरे इंधन कचऱ्यातला वायू. ओला कचरा आणि मैला हवाबंद टाकीत कुजवला की मिथेन मिळतो. त्यावर चूल पेटते, वीज होते, गाडीही चालते. २०१८ साली केंद्राने अशा वायूसाठी 'सतत' नावाची योजना आणली. सोलापुरातही शहराच्या कचऱ्यापासून वायू आणि वीज बनवण्याचा प्रकल्प उभा राहिला. कचरा ज्यांनी उचलला, चाळला, डोक्यावर वाहिला, ते लोक कोण आहेत हे आम्ही सांगायला नको. कुजण्याच्या याच क्रियेतून निघणाऱ्या विषारी वायूने गटारात उतरलेला आमचा माणूस मरतो. २०१३ साली कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. मृत्यूची किंमत वाढली, मृत्यू थांबले नाहीत. जोवर कचरा घाण होता तोवर तो आमचा, आणि त्यातून पैसा दिसू लागताच तो कंत्राटदाराचा, हा न्याय आम्हाला मान्य नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली संघटित झाली आणि २००८ साली त्याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्यांत बहुसंख्य आमच्या आयाबहिणी आहेत. पुण्याला जमले ते सोलापूरला का जमू नये? मात्र आमचा आग्रह याहून पुढचा आहे. कचरा गोळा करण्यावर न थांबता वायूच्या प्रकल्पातही वाटा मागितला पाहिजे.

चौथे इंधन सूर्य. सोलापूरच्या उन्हाबद्दल आम्ही काय सांगावे! सर्वांत स्वच्छ आणि आपल्या जिल्ह्याला सर्वांत सोयीचे इंधन हेच, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण येथेही मेख आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरासाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान ठेवले गेले, पण झोपडपट्टीत राहणाऱ्याचे छप्पर त्याच्या नावावर कोठे आहे? 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने केवळ ५ टक्के रक्कम भरायची ही चांगली तरतूद आहे, पण त्यासाठी आधी सातबारा आणि पाणी हवे. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. त्याच योजनेत शासकीय जमीन आणि गायरानही घेतले जाते. म्हणजे मालकाच्या शेतात पॅनल आले तर त्याला भाडे, आणि आमच्या कसत्या गायरानात आले तर आम्हाला नोटीस. ज्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली लाखो भूमिहीनांनी तुरुंग भरले, ती जमीन आता पर्यावरणाच्या नावाने हातची जाणार असेल तर तिला हरित क्रांती म्हणायचे कसे?

आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. उलट आमची मागणी अशी की, १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्यांचे ताबे आधी नियमानुकूल करा, आणि तेथे प्रकल्प आणायचाच तर खासगी मालकाला मिळते तेच भाडे कसणाऱ्याला द्या. गायरानधारक बांधवांनी गाव नमुना १-ईचा उतारा, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे आजच जमा करावेत. नोटीस आली तर घाबरून सही करू नये, मुदतीत लेखी उत्तर द्यावे. जमीन महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण काढण्याचे आहे, तसे कलम ५१ ते नियमानुकूल करण्याचेही आहे. अधिकारी पहिले कलम सांगतात, दुसरे आपण सांगावे लागते.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू. जयंतीला आपली मंडळे डिझेल जनरेटर आणि डॉल्बीवर किती पैसा जाळतात याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. त्यातला निम्मा पैसा बाजूला काढला तरी विहाराच्या छपरावर पॅनल बसतील, अभ्यासिकेचे दिवे त्यावर चालतील आणि वस्तीतली चार मुले ते बसवण्याचे, दुरुस्तीचे काम शिकतील. पुढे हीच मुले सहकारी संस्था काढू शकतात. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय खात्यांना व उपक्रमांना अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदी बंधनकारक केली. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने आपल्या किमान एका उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असे ठरले. किती शाखांनी दिले? माहितीच्या अधिकारात विचारा. आरक्षणाच्या एका जागेसाठी आपण मोर्चा काढतो, मग या टक्क्यासाठी एक अर्जही का करत नाही?

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सरकार देईल म्हणून ती माणसे वाट पाहत बसली नव्हती. शंभर वर्षांनंतर आपल्या हातात शिक्षण आहे, कायदा आहे, थोडाफार पैसाही आहे. तेव्हा 'पर्यावरण हा आपला विषय नाही' हे म्हणणे सोडून द्या. या जिल्ह्याचे ऊन सर्वांत जास्त कोणी सोसले? रोजगार हमीच्या कामावर, फडात, वीटभट्टीवर आमच्याच बापजाद्यांनी. त्या उन्हावर पहिला हक्क त्यांच्या लेकरांचा आहे.

त्या बांधवाचे उत्तर आम्ही दाखल केले आहे. सोबत पावत्या आहेत, १-ईचा उतारा आहे. लढाई लांबेल. तूर्त तो गायरान कसतो आहे.

जय भीम!