पणजोबा सापडतील, पणजीचे काय?

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. परमुलखात मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : “तुम्ही मूळचे कुठले?” नेमके उत्तर हवे, तर घराण्याचा माग काढावा लागतो.

१७५८ साली नागपूरकर बिंबाजी भोसले रतनपूरला आले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतरही नोकरी-व्यवसायासाठी मराठी कुटुंबे छत्तीसगडात येतच राहिली. माधवराव सप्रे यांच्यासारख्या नामवंतांची माहिती पुस्तकांत मिळते : जन्म १८७१, पथरिया, मृत्यू १९२६, रायपूर. पण आपल्या पणजोबांचे चरित्र कोण लिहिणार?

तरी वाटा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे-गावे सापडतात. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. घरातले जुने कागद मोडीत असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

घोडे अडते ते पणजीपाशी. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे. लग्नात नाव बदलले, की माहेरचे नाव मागे पडायचे. ते कागदावर नसले, तरी आजीच्या आठवणीत असू शकते. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करा. तिच्या सासूबाईंचे माहेर कुठले, माहेरी त्यांना काय म्हणत, भावंडे किती, हे विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. नाशिकला पुढच्या वर्षी गेलात तरी चालेल, आजीला मात्र आजच विचारा.